कॅमेरा बदलू की लेन्स? उत्तर भिगवणच्या पाण्यात!

एंट्री लेव्हलचा डीएसएलआर आहे, हात शिवशिवतायत आणि बजेट मात्र टाइट? नवं मॉडेल बुक करण्याआधी बारामती-इंदापूरची एक चक्कर मारा. दुकानातला सेल्समन सांगणार नाही ते तिथलं पाणी आणि माळरान सांगतं.

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी फ्लेमिंगोचा फोटो टाकतो. गुलाबी पंख, काळी किनार, मागे कोवळं ऊन. खाली धडाधड कमेंट्स पडतात. ‘बॉस, कॅमेरा कुठला?’ फोटो किती वाजता काढला, होडीत किती वेळ बसलास, असलं काही कुणी विचारत नाही. सगळ्यांना हवा असतो मॉडेल नंबर. आणि त्याच रात्री ग्रुपमधले निदान दोघं-तिघं तरी ईएमआय कॅल्क्युलेटर उघडून बसतात.

मीही त्यातलाच एक. माझ्याकडे कॅननचा १५००डी, त्याच्यासोबत बॉक्समधून आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आणि यंदाच्या बोनसमधून फोटोग्राफीसाठी बाजूला काढलेले ३५ हजार रुपये. प्रश्न एकच. या पैशात ईएमआयची भर घालून नवा मिररलेस घ्यायचा, की आहे त्याच कॅमेऱ्याला काहीतरी जोड द्यायची? घरचे म्हणतात, ‘आहे तो चालतोय ना?’ मित्र म्हणतात, ‘यार, डीएसएलआरचा जमाना गेला!’ दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांच्याही उत्तरातून काहीच ठरत नाही.

माझ्यापुरतं हे कोडं सुटलं ते भिगवणच्या फोल्डरमुळे. पुण्याहून सोलापूर हायवेनं शंभरेक किलोमीटर गेलं की इंदापूर तालुक्यातलं भिगवण येतं. गाडी नसेल तर पुणे-सोलापूर लाइनवर भिगवण स्टेशनही आहे. तिथून जवळच कुंभारगाव, डिकसळ ही उजनीच्या बॅकवॉटरकाठची गावं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि मागे पसरलेल्या उथळ पाण्यात पक्ष्यांना हक्काचं हॉटेल मिळालं. हिवाळ्यात पाणी ओसरायला लागलं की फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी उतरतात. चित्रबलाक, चमचे, राखी बगळे आणि सीगल्स तर आहेतच. वीकेंडला कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची जत्रा असते. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला यापेक्षा झकास जागा नाही.

आधी पंचनामा करा

नवीन काही घेण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षभरातले फेल गेलेले फोटो डिलीट करू नका, समोर मांडा. प्रत्येक फोटो का फसला, याचं एकच कारण लिहा. साधारण चार ढीग होतात.

पहिला ढीग, पक्षी फारच लहान आलेत. दुसरा, पक्षी किंवा हात हललाय. तिसरा, पांढरी पिसं उन्हात पार जळून गेलीत. चौथा, फोकस पक्ष्यावर न बसता मागच्या पाण्यावर किंवा गवतावर बसलाय.

माझ्या फोल्डरमध्ये पहिला ढीग सगळ्यात मोठा निघाला. फ्लेमिंगोचे म्हणून काढलेले फोटो खरं तर पाण्याचे होते, मध्ये कुठेतरी गुलाबी ठिपके. दुसरा आणि तिसरा ढीगही बऱ्यापैकी मोठा. चौथा सगळ्यात छोटा. आता गंमत बघा. नवी बॉडी घेऊन मुख्यतः सुटतो तो चौथा ढीग! म्हणजे सगळा बोनस घालून मी माझा सर्वात लहान प्रॉब्लेम सोडवणार होतो.

तुमचे ढीग वेगळे निघतील. पण ते मोजल्याशिवाय दुकानात जाणं म्हणजे ताप मोजण्याआधीच औषध घेणं.

फ्लेमिंगोचं गणित

‘पक्षी लहान येतो’ म्हणजे नेमकं किती लहान? याचं गणित दहावीच्या भूमितीइतकं सोपं आहे. पक्ष्याची उंची गुणिले लेन्सचे एमएम, भागिले अंतर. सेन्सरवर पक्षी केवढा उमटतो ते कळतं.

मोठा फ्लेमिंगो मान वर करून उभा राहिला की साधारण १.३ मीटर उंच असतो. समजा तो होडीपासून ४० मीटरवर आहे. ५५ एमएमच्या लेन्सनं तो सेन्सरवर उमटतो जेमतेम १.८ मिलिमीटर. १५००डीचा सेन्सर सुमारे १५ मिलिमीटर उंचीचा. म्हणजे पक्षी फ्रेमच्या आठव्या भागात. आता त्याच कॅमेऱ्याला ५५-२५० एमएमची टेलिफोटो लावा. तोच पक्षी, तेच अंतर आणि सेन्सरवर उंची ८ मिलिमीटरच्या वर. अर्ध्याहून जास्त फ्रेम भरली!

आता उलटं करून बघू. लेन्स तीच किट, बॉडी मात्र नवी. १५००डी आहे २४ मेगापिक्सेलचा. समजा मी कॅननचाच ९०डी घेतला, जो २०१९ मध्ये आला आणि ३२ मेगापिक्सेलचा आहे. ४० मीटरवरचा तो फ्लेमिंगो आधी सुमारे ४८० पिक्सेल उंच येत होता, आता साडेपाचशेच्या आसपास येईल. फरक जेमतेम १६ टक्के. लेन्स बदलून मिळाले साडेचार पट, बॉडी बदलून १६ टक्के. सांगा बरं, पैसे कुठे टाकायचे?

मेगापिक्सेलचा फंडा इथेच फसवतो. निकॉनचा डी४० आला २००६ मध्ये, ६ मेगापिक्सेलचा. २०१८ मध्ये आलेला डी३५०० होता २४ मेगापिक्सेलचा. आकडा चौपट झाला, पण फोटोची रुंदी ३००८ पिक्सेलवरून ६००० वर गेली, म्हणजे दुप्पट. त्या दुपटीला एक तप लागलं. त्यामुळे ‘२४ वरून ३२’ ऐकून हुरळून जाऊ नका.

आणखी एक मोह असतो, सेकंडहँड फुलफ्रेमचा. नाव ऐकूनच कॉलर ताठ होते. लग्नाचे, पोर्ट्रेटचे, कमी उजेडातले फोटो काढणाऱ्यांसाठी तो खरंच भारी आहे. पण पक्ष्यांसाठी? सेन्सर मोठा झाला, लेन्स तीच राहिली, तर पक्षी फ्रेममध्ये आणखी लहान दिसतो. आपल्या एंट्री लेव्हल कॅननचा सेन्सर लहान असल्यामुळे २५० एमएमची लेन्स फुलफ्रेमवरच्या ४०० एमएमसारखी जवळ वाटते. ज्याला आपण गरिबाचा कॅमेरा म्हणतो, तो लांबच्या पाखरांच्या बाबतीत आपल्याच बाजूनं असतो.

होडीवाल्या मामांचं लॉजिक

इथे कुणीही हुशार माणूस म्हणेल, लेन्स कशाला? अंतरच कमी करा की! होडी पुढे घ्या, फुकटात झूम.

भिगवणला हेच होतं आणि खरी गडबड इथेच आहे. बसलेला मोठा फ्लेमिंगो बराचसा पांढराच दिसतो. तो झगझगीत गुलाबी रंग आणि काळी किनार उघडते ती पंख पसरल्यावर. त्यामुळे ज्याला ‘तो’ फोटो हवा असतो, त्याला पक्षी उडायला हवे असतात. आणि ५५ एमएमची लेन्स घेऊन बसलेल्याला ते दहा मीटरवर हवे असतात. मग सुरू होतं, ‘मामा, अजून थोडं पुढे’, ‘मामा, एकदा हाकला ना’.

आमच्या होडीतल्या एकानं हीच फर्माइश केली. मामांनी होडी थांबवलीच. म्हणाले, “उडवायचं न्हाई दादा. पोटापुरतं खाऊ द्या की त्यास्नी. आज उठवली तर उद्या लांब बसत्यात. मग तुमी काय बघणार न् आमी तरी काय दावणार?”

या चार वाक्यांत सगळं आलं. फ्लेमिंगो चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो. त्याचं अख्खं जेवण बारीक बारीक कणांचं. त्यामुळे खायला त्याला वेळ लागतो आणि शांतता लागते. दर दहा मिनिटांनी एक होडी अंगावर आली, तर खाण्यापेक्षा उडण्यातच ताकद जाते. वर मामांचा रोजगार त्याच पक्ष्यांवर आहे. उजनीचं पाणी साठलं तेव्हा नदीकाठची गावं उठली. त्याच पाण्यात पुढे मासेमारी वाढली आणि मग मासेमारीच्या होड्यांतून आपल्यासारखी माणसं पक्षी बघायला जाऊ लागली. पक्षी लांब सरकले तर आपला एक वीकेंड बुडेल. त्यांचा सीझन बुडेल.

मला लेन्सचा मुद्दा खरा पटला तो इथे. टेलिफोटोमुळे फोटो मोठा येतो, हे झालंच. शिवाय होडी चाळीस मीटरवर थांबवायची सवलत मिळते आणि पक्षी आपल्या मर्जीनं उडेपर्यंत वाट बघता येते. तो उडतोच. सकाळी थवा एका उथळीवरून दुसरीकडे जातोच जातो. तोवर फक्त गप्प बसायचं असतं, जे आपल्याला सगळ्यात जड जातं.

फुकटातले दोन ढीग

आता हललेले आणि जळलेले फोटो. या दोन ढिगांवर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

होडी हलते, हात हलतो, पक्षी हलतो. लेन्समधला स्टॅबिलायझर फक्त हाताची थरथर सावरतो. उडणाऱ्या पक्ष्याचा पंख तो थांबवू शकत नाही. त्यासाठी शटर स्पीडच हवा. बसलेल्या पक्ष्याला होडीतून निदान १/५०० आणि उडणाऱ्याला १/१००० ते १/२०००. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील. दाणेदार शार्प फोटो नंतर सावरता येतो, गुळगुळीत ब्लर फोटो नाही.

जळालेल्या पिसांचंही तसंच. काळपट पाण्यात एक पांढरा पक्षी असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळीकडे अंधार आहे. तो फोटो उजळ करतो आणि पिसांचे डिटेल्स गायब. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन थोडं मायनसमध्ये न्या, उणे २/३ पासून सुरुवात करा. जेपीईजीसोबत रॉ फाइलही ठेवा. ही दोन्ही बटणं आपल्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यात पहिल्या दिवसापासून आहेत. आपण ऑटो मोडवरून खाली उतरत नाही, एवढंच.

सुप्याच्या माळावर लेन्सही हरते

लेन्स म्हणजे जादूची कांडी, असं वाटायला लागलं असेल तर भिगवणहून परत येताना चौफुल्याला वळून बारामती तालुक्यातल्या सुप्याला जा. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. मोरगावचा मयूरेश्वर जवळच, त्यावरून हे नाव. याच पट्ट्यात वन विभागानं २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ या भागांत.

माळावर चिंकारा दिसतो तो बहुतेक वेळा लांब. आणि सकाळी दहानंतर जमीन तापली की हवा थरथरायला लागते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी चमकल्यासारखं दिसतं ना, तोच प्रकार. या थरथरत्या हवेतून ६०० एमएमच्या लेन्सनं काढलेला फोटोही पाण्यात बुडवून काढल्यासारखा येतो. लेन्स जितकी मोठी आणि प्राणी जितका लांब, तितकी ही थरथर जास्त दिसते. इथे उपाय एकच, पहाटे पोचायचं. उन्हं चढायच्या आत जो फोटो २५० एमएमनं मिळतो, तो दुपारी लाखभराच्या लेन्सनंही मिळत नाही. गाडीतून उतरायचं नाही, इंजिन बंद ठेवायचं, खिडकीवर उशी किंवा जॅकेटची घडी ठेवून त्यावर लेन्स टेकवायची. ट्रायपॉडचे पैसे वाचले.

किट लेन्सलाही दिवस येतात

आणि ज्या १८-५५ला आपण शिव्या देतो, तिची जागाही इंदापूर तालुक्यातच आहे. उजनीचं पाणी उन्हाळ्यात खूप खाली गेलं की पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं जुनं मंदिर उघडं पडतं. दगडी शिखर, भोवती भेगाळलेली जमीन, मागे उरलेलं पाणी. हा सगळा पसारा एका फ्रेममध्ये घ्यायला टेलिफोटोचा काही उपयोग नाही. १८ एमएमच हवी. संध्याकाळी, कॅमेरा कुठेतरी टेकवून, छिद्र एफ ८ ला ठेवून काढलेला तो फोटो मोठा प्रिंट करून भिंतीवर लावा. एंट्री लेव्हल कॅमेऱ्याचा आहे, हे कुणाच्या बापाला कळणार नाही.

मग बॉडी बदलायची तरी कधी?

बदलायचीच नाही, असं माझं म्हणणं नाही. तुमचा चौथा ढीग, म्हणजे फोकस चुकलेल्यांचा, सगळ्यात मोठा असेल, तर बॉडीवर पैसे टाकणं शहाणपणाचं आहे. १५००डीमध्ये फोकसचे ९ पॉइंट्स आणि सेकंदाला ३ फोटो. झेपावणारा सीगल पकडायला हे खरोखर कमी पडतं. २०२२ मध्ये आलेल्या कॅननच्या आर१० सारखे मिररलेस पक्षी ओळखून त्याच्यावर फोकस धरून ठेवतात आणि मेकॅनिकल शटरनं सेकंदाला १५ फोटो काढतात. हा फरक जाहिरातीतला नाही, खरा आहे.

दुसरं कारण भविष्याचं. निकॉननं डी३५०० बनवणं बंद केलंय आणि कंपन्यांचं नवं संशोधन सगळं मिररलेसकडे वळलंय. पण म्हणून आज घेतलेली लेन्स वाया जाते का? नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सेस अडॅप्टर लावून आर सिरीजच्या बॉडीवर चालतात, फोकससकट. निकॉनच्या एएफ-पी आणि एएफ-एस लेन्सेस एफटीझेड अडॅप्टरनं झेड बॉडीवर चालतात. म्हणजे आज लेन्स आणि दोन-तीन वर्षांनी बॉडी, हा क्रम परवडतो. उलट क्रमात बॉडी जुनी होत जाते आणि पक्षी ठिपकाच राहतो. शिवाय बर्डिंगला शोभेल अशी मिररलेस बॉडी आणि तिच्यासाठी ४०० एमएमपर्यंतची नवी लेन्स असा सेट जोडायला गेलात तर आकडा लाखाच्या पुढे जातो.

३५ हजारांचा हिशोब

माझा निर्णय सांगतो. आधी ५५-२५० एमएमची लेन्स एका वीकेंडसाठी भाड्यानं घेतली. कुंभारगावच्या एका सकाळीतच कळलं की पहिला ढीग निम्म्याच्या वर कमी होतो. मग तीच लेन्स सेकंडहँड घेतली, १२ हजारांच्या आत. वजन ३७५ ग्रॅम, लॅपटॉपच्या बॅगेत जाते. १५०-६०० एमएमच्या मोठ्या लेन्सचाही मोह झाला होता. पण ती जवळजवळ दोन किलोची. होडीत तासभर हातात धरून बघा, म्हणजे सोमवारी माउससुद्धा उचलणार नाही.

उरलेल्यापैकी काही पैसे एक फास्ट मेमरी कार्ड आणि जादा बॅटरीत गेले. बाकीचे ठेवलेत सीझनभराच्या होडीच्या फेऱ्यांसाठी, पेट्रोलसाठी आणि हो, कुंभारगावच्या घरगुती जेवणातल्या चिलापीच्या थाळीसाठी. कारण फोटो सुधारतो तो चौथ्या-पाचव्या फेरीत, हा अनुभव तुम्हीही घ्याल. ईएमआय भरणाऱ्याच्या हातात कॅमेरा नवा असतो, पण फिरायला पैसे उरत नाहीत.

निघण्याआधी हे बघा

• सेकंडहँड लेन्स घेताना आत मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. सौदा रद्द.

• तुमच्या बॉडीवर फोकस होतो का, स्टॅबिलायझर चालतो का, हे स्वतः फोटो काढून तपासा. निकॉनच्या एएफ-पी ७०-३०० मध्ये व्हीआर असलेली आणि नसलेली अशा दोन लेन्स आहेत. नाव नीट वाचा.

• मूळ बिल मागा. चोरीचा माल घ्यायचं टेन्शन नको.

• जाण्याआधी तिथल्या होडीवाल्यांना फोन करून पक्षी आलेत का विचारा. पाणी जास्त असेल त्या वर्षी फ्लेमिंगो उशिरा येतात.

• पहिला उजेड होडीत मिळेल अशा बेतानं निघा. पुण्याहून निघणाऱ्यांनी चारचा गजर लावा.

• होडीत बसल्या बसल्या सांगून टाका, ‘मामा, पक्षी उडवायचे नाहीत’. हे गिऱ्हाइकानं आधीच सांगितलं की मामांचंही काम सोपं होतं.

तेव्हा मंडळी, ईएमआय कॅल्क्युलेटर तूर्त बंद करा आणि तुमचा जुना फोल्डर उघडा. चार ढीग करा, मोठा कोणता ते बघा आणि फक्त त्याच्यावर पैसे टाका. ढीग फोकसचा निघाला तर खुशाल नवी बॉडी घ्या. अंतराचा निघाला तर लेन्स घ्या. आणि हललेल्या-जळलेल्यांचा निघाला, तर अभिनंदन! तुमचा बोनस वाचला.